झांबिया कुठे आहे

राजारामपुरी, कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२५

धैर्यशील,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला, आणि कागद बदलला. आता नुसतं नाव ठेवलं आहे.

फोन केला असता, पण तुझ्या फोनवर माझा नंबर वाजत नाही. मडगावचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कशाला हवा, हे वहिनींनी विचारलं नाही. गोलकीपर घडवण्याचं काम तुला तिथे चांगलं मिळालं आहे, एवढं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

माझं काम असं आहे. आपल्या हौदकट्टा तालमीला या डिसेंबरात शंभर वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे. अध्यक्ष अजून हंबीररावच आहेत. फुटबॉल संघाचा इतिहास मी लिहावा असं त्यांनी सांगितलं. लिहीत लिहीत २०१४ पाशी आलो. तिथे लिहिलं, 'या हंगामात संघाचा परदेशी खेळाडू आजारपणामुळे मायदेशी परतला.' वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पण त्याच्या पुढचं वर्ष मला तीन दिवसांत लिहिता आलेलं नाही.

मला एमॅन्युएल मुलेंगाचा पत्ता हवा आहे. त्याची माफी मागायची आहे. पत्ता फक्त तुझ्याकडे असणार.

तू गेलास तेव्हा माझं ऐकून घेतलं नाहीस, म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो. मुलेंगा झांबियाचा. आपल्या संघातून तो एक हंगाम खेळला, सोळा गोल केले, जूनमध्ये घरी गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये परत आला. तेव्हा पेपरात रोज इबोला होता. आफ्रिकेत माणसं मरत होती. तालमीत बैठक झाली. त्याला एकवीस दिवस वेगळं ठेवायचं ठरलं, बिद्रीच्या अलीकडे हंबीररावांच्या मळ्यात, मोटरीच्या खोलीत. तिथे आठव्या दिवशी त्याला ताप आला. दोन दिवस कोणी हात लावला नाही. तू विद्यापीठाच्या सामन्यांवरून परतलास आणि त्याला मोटरसायकलवर पाठीशी शालीने बांधून दवाखान्यात नेलंस. डेंगी निघाला. म्हणजे इथल्याच डासाचा. बरा झाल्यावर तो गेला, त्याच आठवड्यात तूही गेलास.

चूक झाली. पण ती अज्ञानाची चूक होती, धैर्यशील. झांबिया कुठे, इबोला कुठे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सामान्य माणसाला ते कसं माहीत असणार? अमेरिकेतल्या शिकलेल्या लोकांना भारत नकाशावर दाखवता येत नाही. आम्ही तर पेठेतली माणसं.

पत्ता पाठव.

तात्या


राजारामपुरी
१८ ऑक्टोबर २०२५

धैर्यशील,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत. 'तुम्हाला माहीत नव्हतं हे खरं असेल तर पत्ता देतो. आधी बयाबाईंना भेटा. मग लिहा.'

मुलेंगा जेवायचा त्या बयाबाईंच्या खानावळीत अजून गेलो नाही. त्याआधी एक गोष्ट केली. ती तुला विचित्र वाटेल.

शाळेची मुलं भरतात तसले, नुसत्या सीमा आखलेले जगाचे कोरे नकाशे दुकानातून आणले. ते घेऊन आठ दिवस राजारामपुरीत फिरलो. दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती, त्यामुळे माणसं भरपूर मिळाली. प्रत्येकाला एकच विचारलं, यात झांबिया कुठे आहे ते दाखवा.

एकेचाळीस जणांना विचारलं. तिघांना आलं.

रिक्षावाला म्हणाला, "झांबिया? आमच्या स्टॉपला न्हाई बसत त्यो." दाताच्या डॉक्टरांनी बोट अरबस्तानावर ठेवलं आणि मला विचारलं, "काका, सहज विचारताय ना? बरं वाटतंय ना तुम्हाला?" बॅंकेतल्या बाई म्हणाल्या, आफ्रिकेत असेल कुठेतरी, आणि घड्याळ बघितलं. चौकात बसलेल्या पोरांना अर्जेंटिना आलं, क्रोएशिया आलं, मोरोक्कोसुद्धा बरोबर दाखवलं. झांबिया कुणालाच आलं नाही. त्यांतला एक म्हणाला, "वर्ल्ड कप खेळलाय काय कधी? न्हाई न्हवं? मग कशाला ध्यानात ठिवायचा?"

ही आकडेवारी माझ्या बाजूची आहे असं मला वाटत होतं. म्हणून ती तुला पाठवायची होती.

पण एक मुलगा भेटला. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधून बाहेर पडत होता. झांबिया म्हणताच त्याने एका दमात सांगितलं, "राजधानी लुसाका, चलन क्वाचा." मग बोट ठेवलं ते ब्राझीलवर. बरोबरीची पोरं हसली. मीही हसलो.

घरी आल्यावर तालमीचा तो कार्यक्रम आठवला. २०१४ ची शिवजयंती, मांडवातली सामान्यज्ञान स्पर्धा. दरवर्षीसारखा प्रश्न विचारायला मीच. सुरुवातीला मी नेहमी एक किस्सा सांगायचो. अमेरिकेतल्या एकाला भारत दाखव म्हटलं तर त्याने ऑस्ट्रेलियावर बोट ठेवलं. मांडव हसायचा. पैसा हाय, डोस्कं न्हाई, असं मागून कोणीतरी ओरडायचं. त्या वर्षी मुलेंगा पहिल्या रांगेत होता. तुझ्याकडून किस्सा समजून घेऊन तोही हसला. मग उठून नकाशापाशी आला, भारतावर बोट ठेवलं, ते कोल्हापुरापासून फार लांब नव्हतं. आणि मला म्हणाला, "तात्या, आता तुमी. माझं घर दावा."

मी म्हटलं, झांबिया, राजधानी लुसाका, चलन क्वाचा. टाळ्या पडल्या. तो म्हणाला, "ते न्हाई. दावा." मी अख्ख्या आफ्रिकेवर तळहात ठेवला. लोक आणखी हसले. तोही हसला. तो हसला हे मी तेव्हापासून धरून ठेवलं आहे.

बयाबाईंकडे जातो.

तात्या


राजारामपुरी
२ नोव्हेंबर २०२५

धैर्यशील,

गेलो होतो. खानावळ आता त्यांचा मुलगा चालवतो. बयाबाई मागच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"मास्तर, वाट चुकला काय?"

मी शाळेच्या ग्रंथालयात कारकून होतो, मास्तर नव्हतो. पेठेने केलं. बयाबाईंनी बसायला पाट सरकवला. मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मन्याचं काय कळलं काय?"

एमॅन्युएलचा मन्या त्यांनीच केला होता. मी पिशवीतून कोरा नकाशा काढला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईपुढे तो का धरला, ते मला सांगता येत नाही. बेचाळिसावं माणूस म्हणून असेल.

"ह्यात पानी कुठलं आन जमीन कुठली, त्येवडं सांगा," त्या म्हणाल्या. सांगितलं. आफ्रिका दाखवली. त्यांनी लसणाचं बोट पदराला पुसलं, थोडा वेळ बघितलं आणि ठेवलं. बरोबर झांबियावर.

"ह्यो. फुलपाखरागत हाय बगा. मधी चिमटीत धरल्यागत."

मी विचारलं, कसं माहीत.

"मन्यानं दावलं हुतं. पिठाची परात घितली आन बोटानं काडलं. म्हनला, बया, ह्ये माझं घर. चारी बाजूनी दुसऱ्यांची वावरं. समुद्राला जायाचं तर दुसऱ्याच्या बांदावरनं. म्या म्हनलं, आमच्या जावंचं रान बी असंच हाय, रोज भांडान." लसणाची सालं त्यांनी बाजूला सारली. "आन ती रोगराई कुठं, म्हनून म्या इचारलं. तर त्येनं परातीच्या भाईर बोट ठिवलं. थितं, चुलीपाशी. येवड्या लांब."

हे कधीचं, मी विचारलं.

"तुमची बैठक हुती त्या दिशीचं. सकाळी. म्या तशीच उठून आले न्हवं का तालमीत? पिठाच्या हातानं. बायकांनी आत यायचं न्हाई, म्हनून उंबऱ्याशी हुबी ऱ्हायले. तुमी भाईर आला. तुमास्नी सांगिटलं. तुमी काय म्हनला, आटवतंय?"

मी म्हटलं, आठवत नाही.

बयाबाई पुन्हा लसूण सोलू लागल्या. निघताना त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं.

मला आठवतं. मी म्हटलं होतं, "बयाबाई, तुम्ही भाकरीचं बघा."

माहीत नव्हतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं. पण एका अडाणी बाईचं परातीतलं ज्ञान मी खरं कसं मानणार, असं अजूनही म्हणता येईल. वाटेत येताना मी ते म्हणून पाहिलं.

तात्या


राजारामपुरी
९ नोव्हेंबर २०२५

धैर्यशील,

तुझं उत्तर आलेलं नाही. तू वाट बघतो आहेस हे कळतं.

त्या बैठकीला दहा माणसं होती. हंबीरराव म्हणाले, "आफ्रिका म्हंजे आफ्रिका. रोग काय पासपोर्ट बगून येतो?" कोणीतरी म्हणालं, मुंबईला विमानतळावर तपासून सोडलंय की त्याला. हंबीरराव माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. तुमचा भूगोल पाट हाय. लांब हाय का जवळ?"

मी म्हटलं, "जवळजवळच आहे ते सगळं."

मला माहीत नव्हतं. इथपर्यंत ते खरं आहे. त्यानंतर मला बाहेर बोलावलं आणि उंबऱ्यापाशी बयाबाई उभ्या होत्या.

दुपारी मी शाळेत गेलो. ग्रंथालयात मोठा ॲटलास होता, तो काढून जगाचं पान उघडलं. कागदाची एक पट्टी कापली. पेपरात ज्या मन्रोव्हियाचं नाव रोज यायचं, तिथे एक टोक ठेवलं, लुसाकावर खूण केली. मग तीच पट्टी कोल्हापुरावर ठेवली आणि वायव्येला फिरवली. अरबी समुद्र गेला, अरबस्तान गेलं, तांबडा समुद्र गेला. खूण कैरोपाशी आली. मी दोनदा मोजलं. कैरोत साथ आली म्हणून बिद्रीच्या माणसाला कोंडून घालावं, तसं ते होतं.

शिपाई जोतीराम कुलूप घेऊन आला. "काय सापडलं काय, सर?"

"काही नाही," मी म्हटलं आणि ॲटलास जागेवर ठेवला. पट्टी खिशात घातली.

तेव्हा तीन वाजले होते. मुलेंगाला पाच वाजता न्यायचं होतं. तालीम चालत दहा मिनिटांवर. मी गेलो, वेळेवर गेलो. सकाळी ज्या दहा माणसांपुढे बोललो होतो तीच तिथे होती. त्यांच्यापुढे 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं होतं. ते म्हणवलं नाही. याहून मोठं कारण मी अकरा वर्षं शोधतो आहे. नाही.

उलट हंबीरराव म्हणाले, "त्येला तुमीच सांगा, तुमचं इंग्लिश बरं हाय," तर मीच सांगितलं. सरकारचा नियम आहे, म्हटलं. परदेशातून येणाऱ्या सगळ्यांना एकवीस दिवस. मुलेंगाने विचारलं, कागद आहे का. मी म्हटलं, येईल. त्याने बॅग उचलली.

आठव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "तात्या, ताप हाय. अंग मोडतंय." मी हंबीररावांना कळवलं. ते घाबरले. सगळे घाबरले. डबा नेणाराही जायला तयार होईना. सरकारी दवाखान्यात कळवलं तर तालमीचं नाव पेपरात येईल, संघ हंगामाला मुकेल, दोन दिवस बघू, असं ठरलं. त्या माणसांना निदान भीती होती. मला तीही नव्हती. तो ताप इबोलाचा असणं शक्य नाही हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं.

त्या दोन दिवसांत बयाबाई एसटीने बिद्रीला जात होत्या, पेज घेऊन. तुला फोन त्यांनीच केला. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं आणि मी कधी बोललो नाही.

तू गेलास त्या दिवशी तुझ्या काकूने मला विचारलं, पोरगं का गेलं? मी म्हटलं, गरम डोक्याचं आहे. ती वारली तेव्हा तू आलास आणि दारातूनच परत गेलास. शेजारच्यांना मी तेच उत्तर दिलं.

पत्ता देऊ नकोस असं वाटलं तर देऊ नकोस.

तात्या


राजारामपुरी
२८ नोव्हेंबर २०२५

धैर्यशील,

तुझं चार पानी पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

मुलेंगा काब्वे गावात शाळेत खेळ शिकवतो, त्याला दोन मुली आहेत, हे वाचून बरं वाटलं. त्याच्यापुढचं वाचताना पत्र खाली ठेवावं लागलं. तो अजून तुला विचारतो, तात्या कसे आहेत. तो समजतो की नियम सरकारचा होता, आणि परक्या देशात एक माणूस शेजारी उभा राहून शांतपणे नीट समजावत होता, तो मी. तिथल्या भारतीय दुकानदारांवरून त्याच्या वर्गातली मुलं काही बोलली, की भारतीयांना आपण माणसं वाटत नाही, त्यांना आपल्या देशाचं नावही धड येत नाही, तर तो त्यांना सांगतो, मला एक भारतीय माहीत आहे, त्याला आपली राजधानी आणि आपलं चलन तोंडपाठ होतं.

तू लिहितोस, 'त्याला मी कधी सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं.' बरोबर आहे.

मी क्षणभर असाही विचार केला की आता माफी मागणं म्हणजे त्याच्याकडचं चांगलं काही हिसकावून घेणं आहे. गप्प राहणंच त्याच्या भल्याचं. दुपारपर्यंत मला ते पटत होतं. मग लक्षात आलं की मला पटतं ते नेहमी गप्प राहण्याच्या बाजूचंच असतं.

स्मरणिकेत खरं लिहिलं होतं, सात ओळी. हंबीररावांनी घरी बोलावून घेतलं. "मास्तर, शंभर वर्साची तालीम. सात ओळींपायी सगळ्यांच्या तोंडाला काळं? झाकलेलं झाकलेलंच बरं की." मी म्हटलं, बाकीच्यांची नावं घातलेली नाहीत, फक्त माझं आहे. ते म्हणाले, "त्येच तर. तुमचं म्हंजे तालमीचंच." लेख मी परत घेतला. कोणीतरी दुसरा लिहील.

सोबत मुलेंगासाठी पत्र आहे. मला इंग्रजी येतं, पण इंग्रजीत मी त्याच्याशी एकदा खोटं बोललो आहे, म्हणून मराठीत लिहिलं. तू इंग्रजी कर. एकही शब्द मऊ करायचा नाही.

तुला माझ्याविषयी आता काय वाटतं, ते पत्रात कुठे नाही. मी शोधलं. विचारत नाही.

तात्या


कोल्हापूर
२८ नोव्हेंबर २०२५

एमॅन्युएल,

हे पत्र धैर्यशील इंग्रजीत करून पाठवतो आहे. शब्द माझे आहेत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तुला मळ्यातल्या खोलीत एकवीस दिवस ठेवायचं ठरलं, तेव्हा तो सरकारचा नियम आहे असं मी तुला सांगितलं. असा नियम नव्हता. आमच्या तालमीने तो ठरवला होता. तुझा देश आणि आजाराचे देश जवळजवळ आहेत असं मी बैठकीत सांगितलं, म्हणून ठरवला. सांगताना मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मी नकाशा बघितला. किती लांब आहे ते मोजलं. तुला नेण्याआधी दोन तास माझ्याकडे होते. मी कोणाला सांगितलं नाही. चुकलो म्हणायची मला लाज वाटली.

तुला ताप आला तेव्हा तो इबोलाचा नाही हे मला माहीत होतं. तू मला फोन केलास. मी आलो नाही. दोन दिवसांनी धैर्यशील आला. तो आणखी एक दिवस उशिरा आला असता तर काय झालं असतं, ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्याने ते तुला सांगितलेलं नसावं.

तू माझी विचारपूस करतोस असं कळलं. माझ्यासाठी ते थांबव. डबा बयाबाई करत होत्या. तापात पेज घेऊन आल्या त्याही बयाबाईच. मी डबा पोचवण्याच्या पाळ्यांची यादी केली होती, आणि तीत माझं नाव शेवटी घातलं होतं.

मी माफी मागतो. ती द्यावीस असं माझं म्हणणं नाही, आणि उत्तराचीही गरज नाही.

एक मागणं मात्र आहे. तुझ्या वर्गात तू माझ्याविषयी सांगतोस. मुलांना आता हे सांग. ती कदाचित म्हणतील, बघा, भारतीय असेच असतात. तेव्हा नाही म्हण. असा एक माणूस होता म्हण, आणि त्याचं नाव सांग.

गणपतराव ज्ञानदेव सरनोबत